घसा दुखल्यापासून बहात्तर तास

कार्बिमाझोल ही गोळी जुनी आहे, स्वस्त आहे आणि जास्त चालणाऱ्या थायरॉइडच्या लाखो रुग्णांना तिने बरं केलं आहे. मात्र ती घेणाऱ्या हजारातल्या दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक संपतात. त्यानंतर हातात उरतात ते काही तास.

पुढच्या घटनाक्रमातली बाई ही कुणी एक व्यक्ती नाही. तिच्या शरीरात काय घडलं आणि कोणत्या क्रमाने घडलं, हे वैद्यकशास्त्राने ऐंशी वर्षांत नोंदवलेल्या रुग्णांवरून घेतलं आहे. तिचं गाव, तिचा रस्ता आणि उशीर होण्याची कारणं मात्र जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटतील. तिचं घर पिंपळवंडीच्या मळ्यात आहे, कारण दवाखान्यापासून लांब, वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला या आजारात सगळ्यात कमी वेळ येतो.

सहा आठवडे आधी

जून संपत आला होता. अडतीस वर्षांची ही बाई चार महिन्यांत नऊ किलोने उतरली होती. भूक दुप्पट, पण अंगी काही लागत नव्हतं. हात थरथरायचे. पावसाळी गारव्यातही घाम फुटायचा. रात्री उशीवर डोकं टेकलं की छातीतली धडधड कानात ऐकू यायची. डोळे जरा बाहेर आल्यासारखे दिसतायत, हे आधी तिच्या बहिणीच्या लक्षात आलं. रक्त तपासलं तर टीएसएच जवळजवळ शून्यावर, टी-थ्री आणि टी-फोर चढलेले. निदान झालं ग्रेव्हज आजाराचं.

या आजारात मूळ दोष प्रतिकारशक्तीत असतो. शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर जाऊन बसणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि ती ग्रंथीला थांबूच देत नाहीत. म्हणून यावरचा प्रत्येक उपचार कुठे ना कुठे प्रतिकारशक्तीला हात लावतोच. गोळ्या चालू केल्या की प्रतिपिंडं महिन्यामहिन्याने उतरतात. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली तरी ती उतरतात. किरणोत्सारी आयोडिन दिलं की मात्र ग्रंथीच्या पेशी मरताना त्यांच्यातले घटक प्रतिकारशक्तीसमोर उघडे पडतात, प्रतिपिंडं काही महिने उलट वाढतात आणि डोळ्यांचा त्रास बळावू शकतो. इटलीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात नुसतं आयोडिन घेतलेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांचे डोळे बिघडले, गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांचे. आयोडिनसोबत प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं, त्या गटात एकाचेही बिघडले नाहीत. आपल्याकडे मुंबईत, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉइडवरचं हे आयोडिनचं काम चालतं. उपचार चांगला आहे, पण कुणाला आणि कधी द्यायचा हे डोळे पाहून ठरतं.

या बाईचे डोळे पाहून डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. निर्णय बरोबर होता. कार्बिमाझोल दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि धडधड कमी व्हावी म्हणून प्रोप्रानोलॉल. गोळ्या सुरू करण्यापूर्वी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केला. पांढऱ्या पेशी ७,२००, म्हणजे व्यवस्थित.

उठता उठता डॉक्टर म्हणाले, “ताई, ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि लगेच रक्त तपासायचं. आणि एरवी मनाने गोळी बंद करायची नाही, बरं का.”

बाहेर बाकांवर माणसं दाटीने बसली होती. पहिलं वाक्य एकदाच बोललं गेलं आणि कागदावर उतरलं नाही. घरी पोहोचेपर्यंत तिच्या लक्षात राहिलं ते दुसरं: मनाने गोळी बंद करायची नाही.

तीन आठवडे आधी

गोळी लागू पडली होती. धडधड थांबली, झोप लागू लागली, वजन दोन किलोने वाढलं. टोमॅटोचा हंगाम भरात होता. एक दिवसाआड तोडा, क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजाराला पाठवायचे. सहा महिन्यांनी पहिल्यांदा ती दिवसभर रानात उभी राहू शकली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “त्या गोळीनं माणसात आणली बघ तिला.”

हे खरंच होतं. आणि म्हणूनच पुढे ज्या गोळीवर संशय यायला हवा होता, तिच्यावर कुणालाच आला नाही.

तीन-चार दिवस आधी

बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आपल्या हाडांच्या आतल्या मगजात, अस्थिमज्जेत, रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल पेशी तयार होतात. तोंड, घसा, फुप्फुसं, आतडी इथून आत शिरणाऱ्या जंतूंना पहिल्यांदा अडवतात त्या याच. रक्तात उतरलेली न्यूट्रोफिल फार तर दिवसभर फिरते. रोजची नवी भरती आली नाही तर काही दिवसांतच रक्तातल्या न्यूट्रोफिल संपत येतात.

कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर तिचं मेथिमाझोल होतं. काही थोड्या लोकांमध्ये या औषधाचे अंश न्यूट्रोफिलना आणि त्यांच्या मज्जेतल्या कोवळ्या पेशींना चिकटतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून मारायला लागते, असं मानलं जातं. कुणाच्या बाबतीत हे घडेल, यात जनुकांचा वाटा आहे. तैवानमधल्या २०१५ च्या संशोधनात एचएलए गटातल्या ठरावीक जनुकांशी या धोक्याचा संबंध दिसला. पण आपल्याकडच्या दवाखान्यात गोळी लिहिण्यापूर्वी अशी चाचणी सहसा कुणी करत नाही.

महिन्याला एकदा रक्त तपासूनही हे हमखास पकडता येत नाही. सोमवारी चांगला असलेला आकडा पुढच्या सोमवारपर्यंत शून्याला टेकू शकतो. म्हणून या आजारात तपासणीची तारीख ताप आणि घसा ठरवतात. कॅलेंडर बघून ती ठरत नाही.

सोमवार, पहाटे ४. बहात्तर तास बाकी

तिला जाग आली ती कुडकुडत. अंग मोडून आलं होतं, घसा धरला होता. ऑगस्टचा पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. वस्तीवरची दोन पोरं सर्दी-खोकल्याने पडलीच होती. तिला वाटलं, त्यांचंच आपल्याला लागलं.

इथे घड्याळ सुरू झालं. या क्षणी तिने गोळी थांबवून सकाळी रक्त दिलं असतं, तर पुढचं बहुधा काहीच घडलं नसतं.

सोमवार, सकाळी ८. अडुसष्ट तास बाकी

चहाबरोबर तिने कार्बिमाझोल घेतली, आणि घरात होती ती पॅरासिटामॉलही. तासाभरात ताप उतरला, घाम आला, जरा बरं वाटलं. तोड्याचा दिवस होता. डोक्याला फडकं बांधून ती रानात गेली.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, ताप येण्याचं कारण जागेवर राहतं. ज्याच्या न्यूट्रोफिल संपल्या आहेत, त्याच्या शरीराकडे बहुतेकदा धोक्याची एवढी एकच खूण उरलेली असते आणि तीच झाकली जाते.

सोमवार, संध्याकाळी ७. सत्तावन्न तास बाकी

हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, काढा झाला. गिळताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तेव्हा नवरा तिला गाडीवर बसवून गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. लाल होता, पण पू नव्हता, टॉन्सिलवर पांढरे ठिपके नव्हते. फार बिघडलेला दिसला नाही. यामागचं कारण असं, की पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या न्यूट्रोफिलच असतात. लढायला कुणी उरलंच नाही तर पू होणार कुठून? अशा रुग्णाचा घसा साधा दिसू शकतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, आणि जंतू मात्र आत पसरत असतो.

डॉक्टरांनी विचारलं, “दुसरी कुठली गोळी चालू आहे का, ताई?”

“थायरॉइडची चालू हाय.”

गावागावात थायरॉइडची गोळी म्हटली की थायरॉक्सिन, कमी चालणाऱ्या थायरॉइडची. गावात कितीतरी बाया ती सकाळी उपाशीपोटी घेतात आणि त्या गोळीचा पांढऱ्या पेशींशी काही संबंध नाही. जास्त चालणाऱ्या थायरॉइडचे रुग्ण त्या मानाने थोडे. डॉक्टरांनी तेच गृहीत धरलं. गोळीचं पाकीट घरी होतं, फाईलही घरी. तापाचं इंजेक्शन दिलं, तीन दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, आणि डेंग्यूची साथ आहे तेव्हा उद्या रक्त तपासून घ्या, असं सांगितलं.

रात्री नऊला तिने कार्बिमाझोलची पुढची गोळी घेतली.

मंगळवार, सकाळी ६. सेहेचाळीस तास बाकी

इंजेक्शनमुळे ताप नव्हता. पण ओठांच्या आत आणि जिभेच्या कडेला फोड आले होते, चहाचा घोटही आगीसारखा लागत होता. सासूबाई म्हणाल्या, “उष्णता झालीय. काल ताप होता ना, त्याची.” तोंडाला साजूक तूप लावलं.

ताप, घसा आणि तोंडातले फोड, तिन्ही एकत्र आले होते. गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. जपानमध्ये तीस वर्षांत नोंदवलेल्या अशा ७५४ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांना हा त्रास गोळी सुरू केल्यापासून नव्वद दिवसांच्या आत झाला होता. ती नेमकी त्याच काळात होती.

मंगळवार, दुपारी १२. चाळीस तास बाकी

आळेफाट्याला रक्त दिलं. सीबीसी आणि डेंग्यू. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येईल, असं लॅबमध्ये सांगितलं.

मंगळवार, रात्री ८. बत्तीस तास बाकी

रिपोर्ट आला. डेंग्यू नाही. घरातल्या सगळ्यांना एकच प्रश्न होता.

“प्लेटलेट किती हायेत?”

मुलाने स्क्रीन वर-खाली करून शोधलं. “दोन लाख दहा हजार. नॉर्मल.”

घर सुटल्यासारखं झालं. दरवर्षीच्या डेंग्यूने आपल्याला सीबीसीतला प्लेटलेटचा आकडा वाचायला शिकवलं आहे आणि तो उतरला की गावं घाबरतात. त्याच कागदावर वरच्या बाजूला दुसरा आकडा होता. एकूण पांढऱ्या पेशी १,१००. खाली, न्यूट्रोफिल ४ टक्के. म्हणजे एका घनमिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिल फक्त ४४. निरोगी माणसात त्या साधारण दोन ते सात हजार असतात. पाचशेच्या खाली गेल्या की त्या अवस्थेला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात आणि त्यात ताप असेल तर एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असा जगभरचा नियम आहे.

आकड्याशेजारी कमी असल्याची खूण छापलेली होती. दवाखाना बंद झाला होता. डॉक्टरांना सकाळी दाखवू, असं ठरलं.

रात्री नऊला तिने पुन्हा गोळी घेतली. मनाने बंद करायची नव्हती.

बुधवार, मध्यरात्रीनंतर २. सव्वीस तास बाकी

या वेळची थंडी वेगळी होती. दात वाजत होते, खाट हलत होती. दोन गोधड्या टाकल्या तरी थांबेना. नखं निळसर दिसत होती, श्वास भरभर चालला होता. घशातले जंतू रक्तात उतरले होते.

वस्तीपासून डांबरी रस्ता अर्ध्या किलोमीटरवर, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या मळ्यातून बिबट्याने कालवड नेली होती. या पट्ट्यात अंधार पडल्यावर माणसं लघवीलाही एकटी बाहेर पडत नाहीत. ही भीती खोटी नाही. बिबट्याच्या हल्ल्यात गेलेली माणसं आणि लेकरं जुन्नर-आंबेगावने पाहिली आहेत. भर पावसात, रात्री दोनला, आजारी बाईला गाडीवर बसवून त्या रस्त्याने नेणं नवऱ्याला वेडेपणाचं वाटलं. “उजाडू दे. उजाडलं की निघू.”

१०८ ला फोन करायचं कुणाला सुचलं नाही. अपघात, बाळंतपण, छातीत कळ, यासाठी १०८, असं डोक्यात बसलेलं असतं. तापासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची असते, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग असा अंगभर भिनल्यावर, प्रत्येक तासाला किंमत असते. इथे पाच गेले.

बुधवार, सकाळी ७. एकवीस तास बाकी

जीप करून तिला नारायणगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवरचा रिपोर्ट उघडला आणि पहिल्यांदा कुणीतरी वरची ओळ वाचली.

“थायरॉइडची कुठली गोळी? पाकीट आणलंय?”

पाकीट मुलाच्या खिशात होतं. नाव वाचून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. “ही या क्षणापासून बंद. पुन्हा कधीच घ्यायची नाही. आणि हिच्या ऐवजी दुसरी, प्रोपिलथायोयुरॅसिल म्हणून असते, तीही चालणार नाही.” या दोन औषधांपैकी एकाने पांढऱ्या पेशी घालवल्या तर दुसरंही तेच करू शकतं.

ताप १०३. नाडी १४०. रक्तदाब ९० वर ५०. सलाईन सुरू केलं, शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या पुण्याच्या रुग्णालयात फोन केला. पंचवीस तासांपूर्वी, तोंडात फोड आले तेव्हा, हेच झालं असतं तर पुढच्या ओळी लिहाव्या लागल्या नसत्या.

बुधवार, सकाळी १०. अठरा तास बाकी

ॲम्ब्युलन्स पुणे-नाशिक महामार्गाला लागली. मंचर, पेठ, राजगुरुनगर. चाकणला कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्यात ती अडकली. सायरन वाजत होता, पण बाजूला व्हायला जागाच नव्हती. मोकळ्या रस्त्याने दीड-दोन तासांत होणाऱ्या प्रवासाला साडेतीन तास लागले. दुसरी सलाईनची बाटली संपली, तरी रक्तदाब वर येत नव्हता.

बुधवार, दुपारी २. चौदा तास बाकी

अतिदक्षता विभाग. रक्तदाब टिकवणारं औषध चालू केलं, दोन जास्त ताकदीची अँटिबायोटिकं दिली, मज्जेला पेशी तयार करायला लावणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मज्जा कायमची गेलेली नाही. गोळी थांबली की साधारण आठवडा-दीड आठवड्यात पेशी परत येतात. तोपर्यंत यांना जंतूंपासून वाचवायचं आहे.

मज्जेला हवे होते दिवस. तिच्याकडे होते तास.

बुधवार, रात्री ९. सात तास बाकी

आता दुसरं संकट उभं राहिलं. थायरॉइड अजून पूर्ण आवरलेला नव्हता, गोळी बंद करावी लागली होती आणि अंगात भयंकर जंतुसंसर्ग होता. ताप १०५ वर गेला, नाडी १६० च्या पुढे, ती असंबद्ध बोलू लागली. याला थायरॉइड स्टॉर्म म्हणतात. एरवी त्यावर पहिलं औषध म्हणून जे देतात ते कार्बिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिलच, आणि तेच तिला देता येत नव्हतं. उरलेले उपाय म्हणजे आयोडिनचे थेंब, स्टिरॉइड, कोलेस्टिरामिन. नाडी उतरवणारं प्रोप्रानोलॉल द्यावं तर कोसळलेला रक्तदाब आणखी खाली जाण्याची भीती. एक बाजू सावरायला गेलं की दुसरी ढासळत होती.

गुरुवार, पहाटे १. तीन तास बाकी

लघवी थांबली. श्वासासाठी नळी घालावी लागली. रक्तदाबाच्या औषधाचा वेग दोनदा वाढवला.

गुरुवार, पहाटे ४

हृदय थांबलं. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले.

रक्तातल्या जंतूचं नाव सांगणारा कल्चरचा रिपोर्ट यायला अजून दोन दिवस होते. मज्जा पुन्हा कामाला लागायला कदाचित पाच.

हेच बहात्तर तास, होऊ शकले असते तसे

सोमवारी पहाटे ताप. सकाळची गोळी घेतली नाही. एक-दोन दिवस ही गोळी चुकली तर थायरॉइडचं काही बिघडत नाही; गोळी चालू ठेवली तर मात्र जीव जाऊ शकतो. नऊला आळेफाट्याला सीबीसी, आणि सोबत लॅबला सांगणं, की कार्बिमाझोल चालू आहे, पांढऱ्या पेशींचा आकडा हातोहात हवा. अकराला रिपोर्ट. आकडा चांगला असता तर साधा घसा म्हणून उपचार झाला असता आणि डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू झाली असती. या गोळीवर असलेल्यांच्या बहुतेक घसेदुखीत असंच होतं. आकडा पाचशेच्या खाली असता तर दुपारी दोनपर्यंत ती अतिदक्षता विभागात असती, बसून बोलत, रक्तदाब शाबूत. दहा-बारा दिवसांनी घरी आली असती. पुढे थायरॉइडसाठी रेडिओआयोडिन किंवा शस्त्रक्रिया ठरली असती.

हे स्वप्नरंजन नाही. जपानच्या त्या ७५४ रुग्णांपैकी ३० दगावले, ७२४ जगले. शंभरातले शहाण्णव. औषध तेच, आजार तोच. जगण्या-मरण्यात फरक पाडणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात, पण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात त्यातली एकच असते. ती म्हणजे वेळ.

हा धोका काल कळलेला नाही. १९४३ साली बॉस्टनमध्ये एडविन ॲस्टवुड यांनी या जातीची औषधं थायरॉइडच्या रुग्णांवर पहिल्यांदा वापरली, तेव्हा सुरुवातीच्या रुग्णांमध्येच हा परिणाम दिसला होता. म्हणजे औषध आणि त्याचा इशारा एकाच वयाचे आहेत. औषध पिंपळवंडीच्या मेडिकलपर्यंत पोहोचलं. इशारा वाटेत राहिला.

तो पोहोचवायला मोठा खर्च लागत नाही. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तो नुसता बोलून थांबू नये, मराठीत लिहून द्यावा, आणि रुग्णाकडून एकदा म्हणवून घ्यावा. “मनाने गोळी बंद करू नका” हे सांगताना “ताप किंवा घसा सोडून” हे त्याच वाक्यात यावं. मेडिकलवाल्यांनी पाकीट देताना तेवढंच बोलावं. गावातल्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी म्हटल्यावर कुठली, एवढं विचारावं आणि पाकीट पाहिल्याशिवाय इंजेक्शन भरू नये. लॅबने हजाराच्या आसपास पांढऱ्या पेशी दिसल्या तर रिपोर्ट नुसता पाठवून न थांबता फोन करावा. आशाताईंनी आपल्या यादीत जास्त थायरॉइड असलेल्या बायांची नावं वेगळी लिहून ठेवावीत.

आणि ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे, त्यांनी घाबरून ती बंद करू नये. हजारातल्या किमान नऊशे पंच्याण्णव जणांना पांढऱ्या पेशी संपण्याचा हा त्रास होत नाही. न घेतल्यास जास्त चालणारा थायरॉइड हृदयाचं नुकसान करतो, ते वेगळंच. फक्त आज रात्री पाकीट काढून नाव वाचा. कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल असेल, तर फाईलच्या पहिल्या पानावर आणि गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ताप, घसा किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायचा आणि न्यूट्रोफिल किती आहेत ते विचारायचं. रात्र असेल तर १०८ ला फोन करायचा. उजाडायची वाट बघायची नाही.